बटण सगळ्यात शेवटी

आमच्या वहिनीला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. तिने अंगाई म्हटली की पोरं गप्प व्हायची, पण झोप आली म्हणून नव्हे, घाबरून. आणि हीच बाई गेली बावीस वर्षं जुनी वाद्यं विकते! कीबोर्ड, गिटार, ॲम्प्लिफायर, स्पीकर, मिक्सर, माइक, सगळं दुसऱ्याने वापरलेलं. गिऱ्हाईक बहुतेक हद्दीपलीकडचं. सकाळच्या बसने येतात, माल बघतात, वाजवतात आणि संध्याकाळी सहाला हद्दीवरचं फाटक बंद व्हायच्या आत मालासकट पलीकडे जातात.

मी कोण? मी तिची नणंद. म्हणजे कौतुक करणं हे काही माझं काम नव्हे. तरी करते आहे, यावरून काय ते समजा.

दादा माझा थोरला भाऊ. पूर्वी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, आता दुरुस्ती करतो. मेलेलं मशीन उठवून बसवेल असा हात, पण विकायला बसवलं की झालं कल्याण! गिऱ्हाईक आलं की हा म्हणायचा, "हा नका नेऊ हो, याचा आवाज फार गोड आहे." अरे, गोड आहे म्हणूनच तर न्यायला आलाय ना तो बिचारा! दोन वर्षं वहिनीने हे पाहिलं. मग एके दिवशी त्याचं टेबल, पकडी, सोल्डरिंगचं सामान सगळं वरच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि सांगितलं, "तुम्ही वर दुरुस्त करा, मी खाली विकते. हाक मारल्याशिवाय खाली यायचं नाही." दादा हाक मारल्याशिवाय जेवायलासुद्धा येत नाही, इतका सरळ माणूस.

खाली दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि फाटकावर दाखवायचे छापील फॉर्म. मागच्या खोलीत माल. शेजाऱ्यांच्या डोक्याला ताप नको म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. कीबोर्ड कडेला उभे केलेले, स्पीकर एकावर एक, आणि वायरी लांबीप्रमाणे खिळ्यांना टांगलेल्या. तिथली एक वायर इकडची तिकडे झाली तर वहिनीला दारातूनच कळतं.

सूर कळत नाही, तर ही पारख कशी करते? हाताने. मशीन चालू करायचं, आवाज बंद ठेवायचा आणि पाठीवर तळवा ठेवून बसायचं. तापाच्या पोराजवळ बसावं तशी बसते. कुठे जास्त गरम लागतं, कुठे बारीक थरथर आहे, सगळं तिला समजतं. माइक तपासायचा तर त्यात वाण्याची यादी वाचते. "साबण दोन, काडेपेटी एक, बल्ब एक, खराटा एक." तीच यादी, त्याच आवाजात, गेली बावीस वर्षं. यादीतला 'खराटा' खरखरला की माइक बाद. लोक हसतात, पण तिने पास केलेला माइक पाच-पाच वर्षं चालतो, मग त्यांचं हसू बंद होतं.

तिची एक रीत आहे. आधी दोष सांगायचा, मग भाव. "या कीबोर्डची वरून तिसरी पट्टी जरा जड आहे. या स्पीकरला डाव्या कोपऱ्यात मार बसलाय. आता बोला, हवाय का?" मी सुरुवातीला कपाळाला हात लावायचे. बाजारातले बाकीचे दुकानदार तर तिला वेडीच म्हणायचे. कारण काय, तर एकदा माल फाटकापलीकडे गेला की तो परत आणता येत नाही. बाहेरचा माल म्हणून फाटकावरच अडवतात. त्यामुळे बाकीच्यांचं साधं गणित: तो काही परत भांडायला येऊ शकत नाही, तेव्हा खपवा काहीही! वहिनीचं गणित नेमकं उलटं. ती म्हणायची, "माल परत येत नाही, पण बोलणं येतं. पलीकडे माझ्याबद्दल एक माणूस वाईट बोलला, की सकाळच्या बसमधून माझ्या दारात कोणी उतरणार नाही."

आणि दुसरी रीत म्हणजे बटण. ही नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण इथेच घडलं. पलीकडची वीज आपल्याहून निम्म्या जोराची. मोठ्या मशीनच्या पाठीमागे नखाएवढं लाल बटण असतं. एका बाजूला सरकवलं की मशीन इकडच्या विजेवर चालतं, दुसऱ्या बाजूला सरकवलं की तिकडच्या. तिकडच्या बाजूला असताना इकडच्या भिंतीत वायर लावली, तर दुप्पट जोर आत शिरतो आणि मशीन जळतं. म्हणून वहिनी बटण सगळ्यात शेवटी फिरवायची. गिऱ्हाइकाचं वाजवून झालं, पसंत पडलं, वायर काढून त्याच्या पिशवीत घातली, की मग स्वतःच्या हाताने बटण तिकडे, त्यावर चिकटपट्टी आणि मग मशीन घोंगडीत. हे काम तिने कधी दादालाही करू दिलं नाही.

मलाही नाही. मी अकरा वर्षांपूर्वी एक बॅग घेऊन या घरी परत आले. का आले ते सांगत बसत नाही. ते घर माझं नव्हतं, एवढं मला उशिरा कळलं. वहिनीने दार उघडलं, बॅग हातातून घेतली आणि विचारलं, "वन्सं, चहा घेता?" बस्स. एक प्रश्न नाही, एक टोमणा नाही. वरची छोटी खोली मला दिली. पण तेव्हापासून काहीही करायला गेले की तिचं एकच, "राहू द्या, मी करते. तुम्ही बसा." भांडी घासायला घेतली, राहू द्या. फॉर्म भरायला बसले, राहू द्या. पाहुण्याला म्हणतात तसं. पहिले चार दिवस बरं वाटलं, मग ते टोचायला लागलं. घरातल्या बाईला कोणी 'तुम्ही बसा' म्हणतं का? मला वाटायचं, हिने आपल्याला ठेवून घेतलंय, आपलं मानलेलं नाही. एक दिवस ही तितक्याच गोड आवाजात म्हणेल, "वन्सं, आता तुमचं काय ते बघा." त्या भीतीने मी जास्तच जीभ चालवायचे. तिच्या यादीची नक्कल करायचे, तिच्या बटणाला 'देव्हारा' म्हणायचे. ती हसायची आणि चहा टाकायची. सांगा आता, अशा माणसाचं काय करायचं?

त्या दिवशी मास्तर आले. पलीकडे त्यांची बारा जणांची गाण्याबजावण्याची पार्टी आहे, आणि तिकडच्या निम्म्या पार्ट्या मास्तर सांगतील तिथूनच सामान घेतात. आमच्याकडे पहिल्यांदाच येत होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस! मागे आमच्याच बाजारातून त्यांनी एक मिक्सर नेला होता. घरी जाऊन लावला तर अर्धा मुका. परत आणायला गेले, तर फाटकावर अडवला. "आता त्याच्यावर आमच्या बायकोने कुंडी ठेवलीय," ते म्हणाले. सांगतानासुद्धा त्यांना हसू येत नव्हतं.

मास्तरांनी तीन तास घेतले. एकेक पट्टी दाबून पाहिली, वायर लावायचं एकेक भोक फुंकून पाहिलं. वहिनी शेजारी स्टुलावर बसून दोष सांगत होती. शेवटी दोन स्पीकर, एक मिक्सर आणि तो मोठा ॲम्प्लिफायर पसंत पडला. त्या ॲम्प्लिफायरवर दादाने दोन महिने घालवले होते. मास्तरांनी त्याला गिटार जोडून नुसती एक तार छेडली आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "मला सांगितलं होतं लोकांनी. त्या बाईकडे डोळे झाकून जा, म्हणाले. हा घरी पोचला ना, की मी सगळ्यांना इकडेच पाठवतो." वहिनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिला आनंद झाला की एवढंच दिसतं.

दोघं फॉर्म भरायला पुढच्या खोलीत गेले. चार वाजले होते, बस पाचची. प्रत्येक मशीनचा नंबर लिहायचा, सह्या करायच्या, म्हणजे अर्धा तास कुठेच गेला नाही. आणि माझ्या अंगात आलं! म्हटलं, आज हिला दाखवूनच देते की मलाही काही येतं. मिक्सरची वायर काढून खिळ्याला लावली, बटण फिरवलं, पट्टी लावली, घोंगडीत गुंडाळला. कसा झकास! मग ॲम्प्लिफायरची वायर काढली, तीही खिळ्याला लावली, बटण फिरवलं. तेवढ्यात चिकटपट्टी संपली. दुसरी आणायला मी वर गेले.

वरच्या पायरीवर होते आणि खालून आवाज आला. फाट्! मग कपडा जळाल्यासारखा वास.

धावत खाली आले. मागच्या खोलीत पांढरा धूर, आणि मास्तर दोन्ही हात वर करून भिंतीला चिकटलेले. फॉर्मवर सही करण्याआधी एकदा शेवटचं ऐकावं म्हणून ते परत आत आले होते. खिळ्यावरची वायर काढून त्यांनीच लावली होती.

"माझ्या हातून गेलं," ते म्हणाले. "अहो, मी नुसती वायर लावली हो."

दादा माझ्या मागोमाग आला होता. त्याने मागचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि फरशीवर फतकल मारून बसला. एवढा गरीब माणूस, पण त्या दिवशी त्याचाही आवाज चढला. "न विचारता हात लावतात का हो? दोन महिने झिजलोय मी याच्यावर!"

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "काय होईल ते मी भरून देतो." त्यांचा चेहरा इतका पडला होता की माझ्याच्याने बघवेना.

एका वाक्याचं काम होतं. 'बटण मी फिरवलं.' पण माझी दातखीळ बसली. डोळ्यांसमोर ती बॅग आली, अकरा वर्षांपूर्वीची. मनात म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला? तो भरून देतोय ना, देऊ दे. परका माणूस आहे, तो फाटकापलीकडे जाईल. मला मात्र जायला कुठलंही फाटक नाही. लाज वाटते सांगायला, पण हे असंच मनात आलं.

वहिनी आली. पेन तिच्या हातातच होतं. तिने आधी भिंतीतली वायर काढली. मग गुडघ्यावर बसून मशीनच्या पाठीमागे वाकली. बटण पाहिलं. वर बघितलं, तर माझ्या हातात चिकटपट्टीचं नवं रीळ. एकदाच बघितलं तिने माझ्याकडे.

"मास्तर, भरून द्यायचं नाव काढू नका," ती म्हणाली. "तुमची चूक नाही. बटण तिकडच्या बाजूला आहे. या घरात बटण फिरवणं हे माझं काम. चूक माझी."

दादाने तोंडाचा आ केला. "तू? वाजवून व्हायच्या आधी?"

"हो," वहिनी म्हणाली.

मास्तरांना क्षणभर हायसं वाटलं, पण लगेच त्यांचा चेहरा बदलला. तो बदल मी पाहिला. ते हळूहळू म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक घरात असतानाच तुम्ही बटण फिरवून मोकळ्या झालात. आणि लोक मला सांगतात की डोळे झाकून जा." त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलली. "राहू द्या बाई. बाकीचंही राहू द्या. आता या घोंगडीतल्या मिक्सरचं तरी काय झालंय, मला काय ठाऊक!"

दुसरी कुणी असती तर हातापाया पडली असती. वहिनी नुसती बाजूला झाली आणि वाट मोकळी करून दिली. "जायचं तर जा," ती म्हणाली. "फक्त पलीकडे सांगताना जे झालं तेच सांगा. कमी नको, जास्त नको."

मास्तर चपला घालायला वाकले. मला सगळं लख्ख दिसत होतं. बावीस वर्षं तळवा टेकून टेकून या बाईने पलीकडे नाव कमावलं, ते नाव त्या माणसाच्या पिशवीबरोबर दाराबाहेर चाललं होतं. आणि कशापायी? तर माझी वरची खोली टिकावी म्हणून! नाही, एवढी काही मी मेलेली नव्हते.

"थांबा मास्तर!" मी ओरडलेच. "बटण मी फिरवलं. वहिनीने बावीस वर्षांत ते कधीच आधी फिरवलेलं नाही, आजही नाही. मिक्सरचंही मीच फिरवलंय. शहाणपणा करायला गेले. ही खोटं बोलतेय, आणि तेही माझ्यासाठी."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. मास्तरांच्या एका पायात चप्पल, एक पाय तसाच.

"बाई, खरं का हे?" त्यांनी वहिनीला विचारलं.

"माझ्या घरात फिरलं म्हणजे मीच फिरवलं," वहिनी म्हणाली. "यात खोटं काय आहे?"

मास्तर परत आत आले आणि एका स्पीकरवर टेकले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "कमाल आहे," ते म्हणाले. "मागच्या वेळी तो मिक्सर मुका निघाला, तेव्हा मी बाजारात पाच जणांना निरोप पाठवले. चूक कोणाचीच नव्हती. इथे एक मशीन जळलं तर चुकीवर हक्क सांगायला दोघी उभ्या!" त्यांनी चप्पल काढून ठेवली. "आणा तो फॉर्म."

"आधी मिक्सर उघडा," वहिनी म्हणाली.

"राहू द्या, मला पटलं."

"तुम्हाला पटलं, मला नाही पटलं."

मग काय! घोंगडी सोडली, पट्टी काढली, बटण इकडे आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक भोक. त्यात पाचची बस गेली. वहिनीला त्याचं काही नाही. तिने कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याला फोन केला. दादाने जळालेल्या ॲम्प्लिफायरकडे पुन्हा एकदा नीट बघितलं आणि म्हणाला, "उठेल. महिना लागेल, पण उठवतो." मास्तर म्हणाले, "महिन्याने येतो. तोवर जुन्यावर भागवतो." दोन स्पीकर आणि मिक्सर टेम्पोत चढले. चढताना मास्तर माझ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या जागी मी असतो तर बोललो नसतो." सहाच्या आधी वीस मिनिटं टेम्पो निघाला.

वहिनीने दार लावलं. कडी घातली. मी म्हटलं, आता आली वेळ. वन्सं, तुमचं काय ते बघा, असं ती म्हणणार. मी मनातल्या मनात बॅग भरलीसुद्धा.

आणि वहिनी कडाडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा! तो आवाज ऐकून दादा वर पळाला.

"अक्कल गहाण ठेवली होती का? तो माणूस वायर धरून उभा होता! त्याच्या हाताला झटका बसला असता म्हणजे? कोणाला तोंड दाखवलं असतं मी? एक शब्द विचारायला जीभ झिजते का? नकला करायला बरी चालते! आणि वर रीळ हातात घेऊन गप्प उभ्या! मला वाटलं, बोलतील, आता बोलतील. तर नाही! स्वतःचं घर आहे म्हणून काय वाटेल ते करायचं का माणसाने? घर तुमचं आहे, माझं आहे, कबूल. पण त्या मशीनला काय माहीत घर कोणाचं ते?"

पुढेही ती बरंच बोलली. माझ्या कानात एवढंच राहिलं. आणि मला जे रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना. माझ्या आईच्या मागे कोणी मला असं झाडलं नव्हतं.

वहिनी एकदम थांबली. जवळ आली. "अहो, रडू नका," ती म्हणाली. "जरा जास्तच बोलले मी."

"नाही हो वहिनी," मी म्हटलं. "बोला. अजून बोला."